परदेशीं सासर : निघण्यापूर्वींची तयारी

मंचर येथील एका आजोबांचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या नातीचा विवाह एका जर्मन गृहस्थाशीं ठरला असून लग्नानंतर कांहीं महिन्यांत ती नवऱ्याबरोबर त्याच्या देशीं जावयाची आहे. घर मोठें, तीन पिढ्या एका चुलीवर जेवणाऱ्या. पत्रांत ते विचारतात कीं, मुलीबरोबर काय काय द्यावें? गोडा मसाला किती महिन्यांचा पुरेल? लोकरीचे कपडे येथें घ्यावे कीं तेथें? घरांतील बायकांनीं पापड, मेतकूट, भाजणी यांस प्रारंभहि केला आहे. तरी मास्तरांनीं एक व्यवस्थित यादी करून द्यावी.

यादी देतों. मात्र तींत मेतकुटाचा क्रम बराच खालीं लागेल, त्याबद्दल घरांतील बायकांनीं राग मानूं नये.

परदेशी मनुष्य आमच्या भागाला नवा नाहीं. जुन्नरच्या लेण्यांत इरिल आणि चिट या नांवांच्या यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. एकानें पाण्याचीं दोन टाकीं दिलीं, दुसऱ्यानें संघासाठीं भोजनमंडप. नाणेघाट चढून आलेल्या त्या माणसांना कोणीं जन्माचा दाखला विचारला नसावा. आतां विचारतात, आणि नुसते विचारून थांबत नाहींत. याचा अनुभव मला माझ्याच हस्ताक्षरानें आणून दिला, म्हणून तो आधीं सांगतों.

डिंभे धरणाच्या पाण्याखालीं जुनें आंबेगांव गेलें. तालुक्याला नांव देणारें गांवच नाहींसें झालें, आणि तालुक्याची कचेरी मात्र घोडेगांवीं. त्या खोऱ्यांतून उठून आलेलें एक भिक्षुकी घराणें माझ्या परिचयाचें आहे. त्यांतील एक मुलगी १९९७ च्या जूनमध्यें शाळेंत आली. तिला घेऊन तिचे थोरले काका आले होते. जन्मतारीख विचारली तेव्हां ते म्हणाले, "मास्तर, सहा भरलीं असतील. तुम्हीच घाला." मीं घातली : १ जून १९९१. त्या दिवशीं दाखल झालेल्या बहुतेक मुलांची जन्मतारीख तीच होती. खेड्यांतील कोणत्याहि जुन्या शाळेचें जनरल रजिस्टर उघडून पाहावें. इतकीं मुलें एकाच दिवशीं जन्मल्याचें उदाहरण पुराणांतहि सांपडणार नाहीं. आम्हांला तें सोयीचें वाटे. सहा वर्षें पुरीं झालीं कीं नांव दाखल होई, आणि नंतर त्या तारखेला कोणी हात लावीत नसे.

ती मुलगी पुढें पुण्यास शिकली, नोकरीला लागली, आणि कचेरींतील एका जर्मन सहकाऱ्याशीं तिचा विवाह ठरला. शाळेच्या दाखल्यावरून तिचें पारपत्र पूर्वींच निघालें होतें. आतां जन्मनोंदीचा उतारा हवा झाला. गांव उठलेलें, दप्तर हललेलें; महिनाभर शोध करून तो उतारा सांपडला तेव्हां त्यांत बापाचें नांव होतें, आईचें होतें, मुलीच्या नांवाची जागा कोरी होती, आणि तारीख होती २१ नोव्हेंबर १९९१. ही नोंद हिचीच कशावरून, असा प्रश्न उभा राहिला.

तेव्हां कोणाला तरी आजीची आठवण झाली. आजी म्हणाली, "त्रिपुरी पौर्णिमा होती. देवळांत त्रिपूर पाजळायला गेलेल्या बायका परत यायच्या आंत पोर झाली." जुनें पंचांग काढलें. १९९१ सालची कार्तिकी पौर्णिमा २१ नोव्हेंबरलाच येते. १९९७ च्या त्या जूनमध्यें ही आजी शाळेपासून दोन फर्लांगांवर घरांत बसलेली होती. तिला कोणीं विचारलें नाहीं, मींहि नाहीं.

जन्मनोंदीच्या १९६९ च्या कायद्यांत मुलाचें नांव मागाहून दाखल करण्याची सोय कलम १४ मध्यें आणि चूक दुरुस्त करण्याची सोय कलम १५ मध्यें आहे. जन्माची नोंदच नसेल आणि वर्ष उलटून गेलें असेल, तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. या मुलीच्या बाबतींत नांव दाखल झालें, तारीख अंदाजानें लिहिली होती असें प्रतिज्ञापत्र मीं करून दिलें, राजपत्रांत सूचना छापली गेली, आणि पारपत्र नवें निघालें. सारें मिळून आठ महिने गेले. लग्न दोनदां पुढें ढकललें.

म्हणून मंचरच्या आजोबांना पहिली विनंति ही कीं, एके दुपारीं जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचें प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि पारपत्र हे सर्व कागद एका पाटावर मांडावे आणि घरांतल्या चष्मा लावणाऱ्या मनुष्यानें अक्षर न् अक्षर ताडून पाहावें. जन्मनोंद हें मूळ आणि बाकीच्या त्याच्या शाखा, असा क्रम धरावा. शाळेचा किंवा मंडळाचा जुना दाखला बदलून मिळत नसेल, तेथें फरकाचें प्रतिज्ञापत्र जोडावें. नांवाच्या इंग्रजी वर्णलेखनांतहि असेच घोटाळे असतात. एकाच मुलीच्या नांवांत एका कागदावर दोन 'ए' आणि दुसऱ्यावर एक, हें आपल्याला क्षुल्लक वाटतें. परदेशांतील कारकुनाला त्या दोन निराळ्या स्त्रिया वाटतात.

आपल्या तिपेडी नांवाचीहि एक गंमत आहे. पारपत्रांत मुलीच्या नांवाशेजारीं बापाचें नांव लागतें आणि तेथील लोक तें तिचेंच दुसरें नांव समजतात. त्यामुळें बँकेंत आणि दवाखान्यांत तिला वडिलांच्या नांवानें हाक मारली गेली तर हंसून घ्यावें, पण सही सर्वत्र एकच ठेवावी. लग्नांत ताम्हनांतील तांदुळांत नवें नांव लिहिण्याची आपली चाल मोठी गोड आहे. तें नांव तांदुळांतच ठेवावें. पारपत्र, प्रमाणपत्रें आणि विवाहाचा दाखला यांवर माहेरचेंच नांव चालूं ठेवण्यास कायद्याची कोणतीहि आडकाठी नाहीं, आणि बदलावयाचेंच असेल तर व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वीं सर्व कागदांवर एकदम बदलावें.

आतां विवाहाकडे वळूं. येथें वडीलधाऱ्या मंडळींचा एक समज मोडावा लागतो. वर ख्रिस्ती किंवा अन्य धर्माचा असेल तर सप्तपदी झाल्यानें कायद्याच्या दृष्टीनें विवाह होत नाहीं, कारण १९५५ चा हिंदु विवाह कायदा वधूवर दोघेंहि हिंदु असावींत असें म्हणतो. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या घरची गोष्ट अनेक वाचकांना ठाऊक असेल. एडिथ कोन ह्या जर्मन ज्यू बाई. १९२० सालीं व्रात्यस्तोमाच्या विधीनें त्यांना हिंदुधर्मांत घेऊन केतकरांनीं त्यांच्याशीं विवाह केला, आणि त्या शीलवतीबाई झाल्या. त्या वेळीं नोंदणीनें मिश्रविवाह करावयाचा तर १८७२ च्या कायद्याप्रमाणें 'मी हिंदु नाहीं' असें लिहून द्यावें लागे. केतकरांसारख्यानें तें लिहून देणें शक्य नव्हतें. शीलवतीबाई पुढें पुण्याच्याच झाल्या. विंटरनित्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचें इंग्रजी भाषांतर त्यांनीं केलें आणि आपली कहाणी मराठींत लिहिली.

आज धर्म सोडण्याची गरज कोणालाहि नाहीं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें दोघेंहि आपापल्या धर्मांत राहून विवाह करूं शकतात. दोघांपैकीं एकानें तरी त्या जिल्ह्यांत निदान तीस दिवस राहिलेलें असावें. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी. ती तीस दिवस लागते. आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आंत तीन साक्षीदारांसमक्ष विवाह व्हावा लागतो. जर्मन वराला 'विवाहास अडथळा नाहीं' असा आपल्या देशाचा दाखला आणावा लागतो आणि त्याची मुदत सहा महिन्यांची असते. हा हिशेब न करतां मुहूर्त काढला तर मुहूर्त राहतो आणि मुदत जाते. मुहूर्ताला सप्तपदी हौसेनें अवश्य करावी. जांवई अंतरपाटाआड उभा राहून मंगलाष्टकें ऐकतो तें दृश्य पाहण्यासारखें असतें; पण नोंद आधीं.

या कायद्यांत एक कलम आहे, १९ वें. तें एकत्र कुटुंबानें वाचलेंच पाहिजे. एकत्र कुटुंबांतील हिंदु व्यक्तीनें या कायद्याखालीं विवाह केला, तर ती त्या कुटुंबांतून विभक्त झाली असें मानलें जातें. १९७६ सालीं घातलेल्या २१-अ कलमानें दोघेंहि हिंदु, बौद्ध, शीख किंवा जैन असल्यास ही अट काढून टाकली. वर परधर्मीय असेल तेथें ती कायम आहे.

वर सांगितलेल्या घरांत ह्याच कलमावरून वादळ झालें. थोरल्या काकांना कोणींतरी सांगितलें कीं, परधर्मीयाशीं लग्न झालें कीं मुलीचा वाटा बुडतो. हें खरें नाहीं. विभक्त होणें म्हणजे वाटा गमावणें नव्हे. वाटा त्या दिवसापुरता निश्चित होणें होय. त्याच कायद्याचें २० वें कलम तिला १८५० च्या जातिनिर्बंध निवारण कायद्याचें संरक्षण देतें. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीला मुलाप्रमाणें जन्मतः सहदायिकेचा हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० च्या निकालांत, त्या वेळीं बाप हयात असो वा नसो, हा हक्क मुलीचा आहे असें स्पष्ट केलें.

एके संध्याकाळीं व्हिसाच्या कागदांचें मराठी वाचून पाहण्यासाठीं त्यांनीं मला बोलाविलें. त्या चळतींत एक हक्कसोडपत्र होतें. इतर कागदांसारखेंच टंकलिखित, खालीं सहीची जागा. मुलीनें दिवसभर पंधरावीस ठिकाणीं सह्या केल्या होत्या. तिनें हाहि कागद उलटा करून सहीस घेतला होता. मीं तो हातांत धरून काकांकडे पाहिलें. काका दुष्ट नव्हेत. त्याच मुलीला खांद्यावर घेऊन ते शाळेंत आले होते. ते म्हणाले, "मास्तर, उद्यां हिचीं मुलें तिकडून येऊन वाटा मागतील. त्यांना आपली नदीहि ठाऊक नसेल. धरणानें एकदां उठविलें. आतां पुन्हां उठायचें त्राण नाहीं."

त्यांच्या भीतीला आधार नव्हता असें मी म्हणणार नाहीं. असा विवाह केलेल्या व्यक्तीच्या मिळकतीचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्यानें चालतो, म्हणजे तो नवऱ्याकडे व मुलांकडे जातो. पण ती भीति बोलून दाखवावयाची असते, कागदांच्या चळतींत घालावयाची नसते. आजीला विचारलें, हें काय तें ठाऊक आहे का? तिला नव्हतें. मुलीच्या आईलाहि नव्हतें. त्या रात्रीं जेवणें उशिरां झालीं. अखेर तो कागद बाजूला ठेवला गेला, वकिलाकडून सर्व मिळकतीची यादी झाली, मुलीचा हिस्सा लिहिला गेला, आणि जमीन काकांनींच कसावी व मुलीला वाटा विकावयाचा झाल्यास आधीं घरांत विचारावें, असा लेख सर्वांच्या सह्यांनीं नोंदला. मुलीला पुढें केव्हां आपला वाटा भावांना द्यावासा वाटला तर तिनें तो समजून उमजून द्यावा. लग्नाच्या गडबडींत मुलीची हक्कसोडपत्रावर सही घेणें, मग ती परदेशीं जावो वा शेजारच्या आळींत, मला नीट वाटत नाहीं, आणि तें मी येथें उघड लिहितों.

विवाहाचा दाखला हातीं आला म्हणजे तो परदेशांत ग्राह्य करण्याचा विषय येतो. १९६१ च्या हेग कराराप्रमाणें 'अपोस्टिल' नांवाचा शिक्का असतो. भारतासाठीं हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला आणि तो शिक्का आपलें परराष्ट्र मंत्रालय देतें. अमेरिका, फ्रान्स, नेदरलंड्स येथें जाणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. जर्मनीनें मात्र भारताच्या प्रवेशाला त्या वेळीं आक्षेप नोंदविला. म्हणून जर्मनीस जाणाऱ्यांनीं शिक्क्यासाठीं पैसे खर्च करण्यापूर्वीं वकिलातींत विचारावें. तेथील अधिकारी आवश्यक वाटल्यास आपल्या कागदांची प्रत्यक्ष पडताळणी करवितात. म्हणजे नेमलेला मनुष्य गांवांत येतो आणि मूळ रजिस्टर पाहतो. आमच्या शाळेंतहि एक वकील आले. १९९७ चें पान उघडून त्यांनीं विचारलें, "हें अक्षर कोणाचें?" मी तेथेंच बसलों होतों. त्यांनीं प्रतिज्ञापत्र वाचलें, पुन्हां पान पाहिलें, आणि खालची सगळी रांग बोटानें मोजली. कांहीं बोलले नाहींत.

जर्मन नागरिकाच्या पत्नीला व्हिसासाठीं साधारणतः जर्मन भाषेची 'ए-एक' ही प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण असल्याचें प्रमाणपत्र लागतें. पुण्यांत मॅक्सम्युलर भवनांत ती शिकवितात. लग्न ठरतांच नांव घालावें. हळदीच्या आदल्या दिवशीं कोणाचेंहि पाठांतर होत नाहीं. संस्कृत शिकलेल्या घरांतील मुलीला तीन लिंगें आणि चार विभक्ति यांचें भय वाटूं नये. आपण आठ पाठ केल्या आहेत. जांवयानेंहि निदान 'आजी, जेवलांत का?' एवढें मराठी शिकावें. त्याचा उपयोग व्हिसाला नाहीं, पण घरांत फार होतो.

आतां सामानाचें. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे व दुधाचे पदार्थ नेतां येत नाहींत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, आणि आईनें डोळे पुसत बांधलेल्या नारळीपाकाच्या वड्यांत दूध असेल तर त्याहि, विमानतळावर टोपलींत जातात. ताजीं फळें, भाज्या व रोपें यांना वनस्पति-आरोग्याचा दाखला लागतो. अपवाद पांचच फळांचा : केळें, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. तेव्हां ओटींतला नारळ त्या देशीं बिनदाखल्यानें उतरूं शकतो. सुकें खोबरें तेलकट, म्हणून पेट घेणारें. तें विमान कंपनीस विचारल्याशिवाय बांधूं नये. खसखस जर्मनीस चालते. परंतु वाटेंत दुबईस उतरून जावयाचें असेल तर एक दाणाहि नको, तेथें ती निषिद्ध आहे. औषधें तीन महिन्यांच्या स्वतःच्या वापरापुरतीं, वैद्याच्या चिठ्ठीसह. भस्में आणि मात्रा देऊं नयेत. दांत मात्र येथेंच दाखवून घ्यावे.

दागिन्यांचें वजन, छायाचित्रें आणि सराफाचें मूल्यांकन करून ठेवावें, आणि निघतांना विमानतळावर आपल्या जकात खात्याकडून निर्यातीचा दाखला मागावा. पुढें माहेरपणाला तेच दागिने घालून येतांना जकातीचा प्रश्न निघत नाहीं. सर्व सोनें बरोबर नेण्याची गरजहि नाहीं. मंगळसूत्र, बांगड्या, एक नेहमींचा हार. बाकीचें तिच्या स्वतःच्या नांवाच्या पेटींत बँकेंत. 'तिच्या स्वतःच्या नांवाच्या' हे शब्द मीं मुद्दाम लिहिले आहेत.

परदेशीं कायम राहण्यास गेल्यावर येथलें बचत खातें 'एनआरओ' प्रकारांत बदलून घ्यावें लागतें. तें बँकेला कळविणें खातेदाराचें काम. शेतजमीन वारशानें आलेली ठेवतां येते, नवी विकत घेतां येत नाहीं. सातबाऱ्यावरील नांव निघण्यापूर्वीं पाहून घ्यावें. मुखत्यारपत्र देणें झाल्यास मोघम देऊं नये. पीक, पाणीपट्टी, कचेरींतील अर्ज एवढ्यापुरतेंच द्यावें. तें परदेशांतील भारतीय वकिलातींत केलें तर भारतांत पोंचल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो.

नागरिकत्वाविषयीं दोन शब्द पुरेत. लग्नानें मुलीचें भारतीय नागरिकत्व जात नाहीं. तिनें आपण होऊन दुसऱ्या देशाचें घेतलें तर १९५५ च्या कायद्याच्या ९ व्या कलमानें जातें. जर्मनीनें २७ जून २०२४ पासून दोन नागरिकत्वें चालूं दिलीं आहेत, पण भारत देत नाहीं. म्हणून तिकडचे लोक 'दोन्ही ठेवा' म्हणाले तरी त्या सल्ल्यावर जाऊं नये. उलट जांवयाला, विवाह नोंदलेला असून दोन वर्षें टिकलेला असल्यास, 'ओसीआय' कार्डासाठीं अर्ज करतां येतो, आणि मग सासुरवाडीस येतांना त्याला दर वेळीं व्हिसा लागत नाहीं.

राहतां राहिलें मेतकूट. अवश्य द्यावें, त्यांत दूध नाहीं. भाजणी द्यावी, गोडा मसाला सहा महिन्यांचा पुरे, कारण तेथें भारतीय वाण्यांचीं दुकानें आहेत आणि धने-जिरें मिळतें. लोणच्याची बरणी कांचेची नको. तेल निथळून दुहेरी पिशवींत बांधावें आणि ती पारपत्राच्या पिशवीजवळ मुळींच ठेवूं नये. लोकरीचे कपडे थोडेच घ्यावे. येथला कोट तेथें नोव्हेंबरपलीकडे पुरत नाहीं, असें त्या मुलीनें आजीला कळविलें आहे. त्रिपुरी पौर्णिमेला आजीनें फोन केला होता, तेव्हां तिकडे बर्फ पडूं लागलें होतें.